वरच्या मजल्यावरचा दुबळा शॉवर आणि ग्रुंडफोसचा यूपीए १५-९० : एक परीक्षण

गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली असलेल्या मजल्यावर राहणाऱ्यांना एक विचित्र अन्याय सहन करावा लागतो. टाकी सर्वांत जवळ त्यांच्याच घराला असते आणि शॉवरला पाणी सर्वांत कमी त्यांच्याच घरी येते. कोथरूडमधील आमच्या चार मजली इमारतीतही हेच होते. तळमजल्यावरच्या नळाखाली भांडे धरले की पाणी अंगावर उडते आणि चौथ्या मजल्यावर मात्र केसांतला साबण जाता जात नाही. या अडचणीवर आम्ही ग्रुंडफोस या डॅनिश कंपनीचा यूपीए १५-९० हा छोटा बूस्टर पंप, म्हणजे पाण्याचा दाब वाढवणारा पंप, बसवला. तो बराच काळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, योग्य जागी बसवला तर हा पंप दिलेल्या पैशांचे पुरेपूर मोल देतो. परंतु नळाला पाणी कमी येण्याची निम्मी कारणे अशी असतात की त्यांच्यावर कोणत्याही पंपाचा उपयोग होत नाही, आणि विक्रेते ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत.

आधी दाबाचा हिशेब मांडला पाहिजे. पाण्याच्या सुमारे १० मीटर उंचीमुळे १ बार (बार हे दाबाचे एकक) दाब मिळतो. ही उंची टाकीतील पाण्याच्या पातळीपासून नळाच्या किंवा शॉवरच्या तोंडापर्यंत मोजायची असते. टाकी किती लिटरची आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. आमची टाकी गच्चीवरच्या विटांच्या ओट्यावर आहे आणि तिच्यातील पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापेक्षा जेमतेम ३ मीटर वर येते. म्हणजे उपलब्ध दाब ०.३ बार. तळमजल्याला हाच दाब १.२ बारच्या आसपास मिळतो. आजकाल घराचे नूतनीकरण करताना छतातून पाऊस पाडणारे जे मोठे शॉवर हौसेने बसवले जातात, त्यांना साधारण १ बार दाब लागतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर ते शॉवर ठिबकत राहतात आणि दोष मात्र प्लंबरच्या माथी येतो. टाकी आणखी १ मीटर उंच करावी असा सल्ला अनेक जण देतात. त्याने फक्त ०.१ बारची भर पडते. त्यासाठी गच्चीच्या स्लॅबवर नवा भार टाकण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

मात्र दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पंप घेण्यापूर्वी नेमकी उणीव कशाची आहे हे तपासणे आवश्यक आहे. त्यासाठी २० लिटरची बादली आणि मोबाइलवरचे घड्याळ पुरते. स्नानगृहातील खालच्या नळाखाली बादली किती वेळात भरते ते पाहावे, आणि मग तीच चाचणी गच्चीवर, टाकीतून निघणाऱ्या पाइपच्या तोंडाशी करावी. गच्चीवरही धार बारीक असेल तर खोट टाकीच्या बाहेर जाणाऱ्या तोंडात, तिथल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा पाइपात अडकलेल्या हवेत असते. गच्चीवर धार जोरकस आणि घरात बारीक असेल, तर मधल्या पाइपाकडे संशयाने पाहावे. घरातला एकच नळ मंद असेल, तर बहुधा त्याच्या तोंडाची जाळी किंवा भिंतीजवळचा अँगल कॉक क्षाराने भरलेला असतो. आमच्याकडे बेसिनच्या नळाची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, अँगल कॉक बदलले आणि गच्चीवरच्या व्हॉल्व्हचा अर्धवट उघडणारा दांडा दुरुस्त करून घेतला. एवढ्यानेच बादली भरायला लागणारा वेळ पाच मिनिटांवरून साडेतीन मिनिटांच्या आत आला. उन्हाळ्यात जिथे टँकरचे किंवा बोअरचे पाणी टाकीत पडते, तिथे हे क्षारांचे प्रकरण फार लवकर उद्भवते.

जुन्या इमारतींत खरा खलनायक असतो तो जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. वर्षानुवर्षांच्या वापराने मुलामा जातो आणि आतून गंजाच्या गाठी वाढत जातात. बाहेरून अर्ध्या इंचाचा दिसणारा पाइप कापून पाहिला, तर आत करंगळी जाईल एवढीही वाट उरलेली नसते. पाण्याला होणारा अवरोध पाइपाच्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून १५ मिलिमीटरची वाट १० मिलिमीटर झाली की अवरोध साडेसातपटीच्या आसपास वाढतो आणि तेवढ्याच दाबाखाली येणारे पाणी सुमारे एक-तृतीयांशावर येते. अशा पाइपाला पंप जोडणे म्हणजे पैसे खर्चून गंजाशी झुंजणे होय. दाब वाढला की गंजाचे कण सुटून थेट नळाच्या जाळीत येतात आणि कुजलेल्या आट्यांमधून भिंतीत ओल उतरते. ज्यांच्या घरात अजून जीआय पाइप आहे, त्यांनी पंपाचे पैसे बाजूला ठेवून आधी सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे, पाइप टाकून घ्यावेत. कित्येकदा त्यानंतर पंपाची गरजच उरत नाही. आमच्याकडे हे काम पूर्वीच झालेले होते, म्हणून उणीव निखळ दाबाची होती आणि पंपाचा विचार करणे रास्त होते.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. यूपीए १५-९० हा पाइपाच्या रेषेतच बसणारा, दोन तळहातांत मावेल एवढा पंप आहे. नावातील ९० हा आकडा डेसिमीटरमधला आहे. तो साधारण ९ मीटर, म्हणजे ०.९ बार दाबाचा निर्देश करतो. हा आकडा प्रवाह शून्य असतानाचा आहे, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे, कारण नळ जसजसा उघडाल तसतशी पंपाकडून मिळणारी उंची घटत जाते. शॉवर पूर्ण उघडल्यावर आमच्याकडे अंदाजे ६ मीटरची भर पडत असावी. मूळचे ३ आणि वरचे ६ मिळून ९ मीटर, म्हणजे दाब तिप्पट होतो. दाब तिप्पट झाला तरी पाणी तिप्पट होत नाही. ते पावणेदोन पटीच्या आसपास वाढते, कारण प्रवाह दाबाच्या जवळपास वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. बादलीची चाचणीही हेच सांगते : आधी मिनिटाला सुमारे ६ लिटर पाणी येत होते, ते आता ११ लिटरच्या घरात येते. ज्यांची अपेक्षा हॉटेलातल्या शॉवरची असेल त्यांची निराशा होईल. ज्यांना नीट आंघोळ करायची आहे त्यांना हे पुरेसे आहे.

या पंपाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची शांतता. त्याचा फिरता भाग पाण्यातच बुडालेला असतो, पाणीच वंगणाचे आणि थंडाव्याचे काम करते, आणि त्यामुळे नेहमीच्या मोटारीच्या मागे असतो तसा पंखा याला नसतो. आमचा पंप शयनगृहाच्या बरोबर वर, गच्चीवर आहे. पहाटे कुणी नळ उघडला तर कान देऊन ऐकल्याशिवाय तो चालू झाल्याचे कळत नाही. दुसरा गुण म्हणजे आतच असलेला प्रवाह ओळखणारा स्विच. नळ उघडून पाणी वाहू लागले की पंप आपोआप सुरू होतो आणि नळ बंद केला की थांबतो. वरच्या बटणाला बंद, सतत चालू आणि स्वयंचलित अशा तीन स्थिती आहेत. दाबावर चालणाऱ्या स्विचचे पंप एखादा नळ ठिबकत असला तरी रात्रभर चालू-बंद होत राहतात. येथे थेंबभर पाण्याने पंप जागाच होत नाही, त्यामुळे ती कटकट नाही. विजेचा खर्च नगण्य आहे. सव्वाशे वॉटच्या आत चालणारा पंप दिवसाला तासभर चालला, तरी महिन्याला साधारण चार युनिटच्या आतच खर्च होतात. दोष म्हणावा तर किंमत : बाजारातल्या साध्या अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपापेक्षा हा बराच महाग पडतो.

तरीही तो साधा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आम्हाला तोच गळ्यात मारण्याचा प्रयत्न एका दुकानात झाला होता. खालच्या टाकीतून वर पाणी चढवण्यासाठी बनवलेला पंप २० मीटरहून अधिक उंचीचा दाब सहज निर्माण करतो. एका फ्लॅटच्या नळांना, फ्लश टाकीच्या झडपांना आणि लवचीक जोडनळ्यांना एवढ्याची गरज नसते, आणि जुन्या जोडांना तो सोसवतही नाही. शिवाय असा पंप टाकीतून येणाऱ्या एक इंची पाइपातून भराभर पाणी ओढू लागतो आणि त्याच पाइपावर दुसरे घर असेल, तर त्या घरातले पाणी पळते. बूस्टर बसवण्याआधी आपली उतरती पाइपलाइन, ज्याला प्लंबर डाऊनटेक म्हणतात, ती स्वतंत्र आहे की सामायिक, हे सोसायटीच्या आराखड्यात पाहावे. सामायिक लाइनवर पंप बसवल्याने शेजाऱ्यांशी होणारी भांडणे कोणत्याही वॉरंटीत येत नाहीत. पंप नेहमी मुख्य लाइनमधून आपल्या घरासाठी फांदी फुटते तिच्यापुढे, केवळ आपल्या भागावर असावा, आणि गच्ची सर्वांची असल्याने व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी. महापालिकेच्या जोडणीला थेट पंप लावणे तर बेकायदा आहेच. त्याने लाइनमध्ये निर्वात दाब तयार होऊन बाहेरचे दूषित पाणी आत ओढले जाऊ शकते, हे त्याहून गंभीर आहे.

बसवण्याच्या बाबतीत दोन गोष्टींकडे प्लंबरचे हमखास दुर्लक्ष होते. पहिली, अशा पंपाचा आतला फिरता दांडा (शाफ्ट) आडवाच राहिला पाहिजे. पाइप उभा असो वा आडवा, मोटारीचे तोंड आकाशाकडे किंवा जमिनीकडे वळवून ठेवले तर आत हवा अडकते आणि दांड्याचे बेअरिंग लवकर झिजते. आमच्या प्लंबरने पंप आधी अगदी तसाच जोडला होता. माहितीपुस्तिकेतील आकृती दाखवल्यावर त्यांनी तो फिरवून दिला. दुसरी, पंपाच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि युनियन जोड असावेत, म्हणजे पुढे तो काढताना पाइप कापावा लागत नाही. पंपाला लागून जाळीची गाळणी बसवावी आणि वळसा घालून जाणारी एक बायपास लाइन व त्यावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठेवावा. वीज गेली तरी बंद पंपातून पाणी काही प्रमाणात येत राहते, पण बायपास असला की अडथळा राहत नाही. उघड्या गच्चीवर पत्र्याचे छप्पर, नीट केलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, यांत काटकसर करू नये.

पुण्यासारख्या शहरात सौर बंबांचा प्रश्न वेगळा विचारात घ्यावा लागतो, आणि याच ठिकाणी सर्वाधिक नुकसान होते. काचेच्या नळ्यांचे बहुतेक सौर बंब दाब सहन करण्यासाठी बनवलेले नसतात. त्यांच्या टाकीला हवा जाण्यासाठी उघडी नळी असते. बूस्टरचे पाणी अशा टाकीत सोडले तर ते त्या नळीतून बाहेर उसळते, नाहीतर टाकीचे जोड उघडतात. म्हणून सौर बंबाला टाकीचे साधे पाणीच द्यावे आणि पंप केवळ थंड पाण्याच्या लाइनवर बसवावा, असा पर्याय वाटतो. मग मात्र गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळात थंड पाण्याचा जोर वाढतो आणि ते गरम पाण्याला मागे ढकलते. आंघोळ करणाऱ्याला एकदम थंड पाण्याचा सपकारा बसतो. यावर उपाय दोन : बंबातून येणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनवर दुसरा पंप लावणे, त्याच्या पाटीवरील तापमानाची मर्यादा पाहून, किंवा घरात साठवण गीझर असल्यास थंड लाइनवरचा पंप गीझरच्याही आधी घालून दोन्ही लाइनींना समान दाब देणे. आमच्याकडे गीझर असल्याने आम्ही दुसरा मार्ग निवडला. गॅस गीझर असणाऱ्यांना तर याचा वेगळाच फायदा होतो, कारण अनेक गीझरांत पाण्याच्या दाबाने पडदा ढकलला गेल्याशिवाय गॅस सुरूच होत नाही.

पंपाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो सुरू होण्यासाठी गुरुत्वाकर्षणाने मिनिटाला साधारण दीड-दोन लिटर पाणी आधी वाहावे लागते. गच्चीवरच बांधलेल्या खोलीत शॉवर आणि टाकी जवळजवळ एका पातळीवर असतील, तर तेवढा प्रवाह होत नाही आणि पंप मुका राहतो; त्याला सतत चालू स्थितीत ठेवावे लागते, आणि मग नळ बंद असतानाही तो फिरत राहतो. फ्लश टाकी भरत आली की तिचा तरंगता गोळा पाणी हळूहळू रोखतो, त्या शेवटच्या टप्प्यात पंप दोन-तीनदा चालू-बंद होतो. त्याने काही बिघडत नाही, पण ते लक्षात येते. टाकी रिकामी असताना पंप चालला तर त्याचा फिरता भाग कोरडा पडून निकामी होऊ शकतो, म्हणून पाणीकपातीच्या दिवशी आम्ही तो बंदच ठेवतो.

दोन मजली बंगल्यात एकाच वेळी तीन स्नानगृहे, वॉशिंग मशीन आणि बागेचा नळ चालणार असतील, तर हा पंप अपुरा आहे. तिथे दाब स्थिर राखणारा, मोटारीचा वेग बदलणारा पंप घ्यावा. त्याच कंपनीचा स्काला२ हा त्या वर्गातला आहे आणि त्याची किंमतही त्या वर्गाचीच आहे. दुसऱ्या किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांना तर कोणताच पंप लागू नये. त्यांना पाणी कमी येत असेल, तर पैसे पाइप उघडून पाहण्यावर खर्च व्हावेत. उरलेल्यांनी, म्हणजे टाकीखालच्या पहिल्या एक-दोन मजल्यांनी, स्वच्छ पाइप आणि स्वतंत्र लाइन असल्यास हा पंप निःशंकपणे घ्यावा, आणि सोसायटीची टाकी धुतली गेली की त्याच आठवड्यात पंपाआधीची गाळणी काढून साफ करावी, कारण टाकी धुताना खवळलेला गाळ पहिल्यांदा तिथेच येऊन बसतो.