दुबई की स्टुटगार्ट? दोन ऑफर हातात असलेल्या घरासाठी

पुण्यात वाहन उद्योगात किंवा आयटीत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसासमोर ही दोन नावं हल्ली बऱ्याचदा एकाच वेळी येतात. चाकणमध्ये जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या पंचक्रोशीत मर्सिडीज, पोर्शे, बॉश यांची मुख्यालयं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. दुबईला असल्या करारबिरारांची गरजच पडत नाही. तिथे प्रत्येकाचा कुणी ना कुणी चुलतभाऊ आधीच बसलेला असतो.

आम्ही आधी दुबईत होतो, आता स्टुटगार्टजवळ आहोत, त्यामुळे माझं माप थोडं इकडे झुकलेलं आहे हे धरूनच वाचा. नवरा-बायको, एक-दोन मुलं आणि भारतात साठी-सत्तरीतले आई-बाबा अशा घरासाठी हे लिहितेय. एकट्या माणसाने हे वाचू नये, त्याने सरळ जास्त पगार घ्यावा. कुटुंबाला मात्र पगाराआधी दोन आकडे लागतात: मुलाची इयत्ता आणि आई-बाबांचं वय.

पैसा

दुबईत पगारावर आयकर नाही. जे लिहिलंय ते हातात येतं, आणि दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्याने घरी पाठवायच्या पैशाचा अंदाजही बांधता येतो. स्टुटगार्टला ७०,००० युरोचा करार असेल, एकच जण कमावता असेल आणि करवर्ग तीन (लग्न झालेल्या घरातल्या मुख्य कमावत्यासाठीचा, कमी कर कापणारा) घेतला असेल, तर महिन्याला ४,००० युरोच्या आसपास हातात पडतात. पहिली पगारचिठ्ठी बघून छातीत धस्स होतं.

पण दुबईच्या आकड्यातून काय काय बाहेर पडतं ते बघा. मुलांची फी पहिली. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत एका मुलाचे वर्षाला ५०-६० हजार दिरहम सहज जातात, जुन्या सीबीएसई शाळांत त्याहून खूपच कमी. घरभाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. जितके कमी चेक तितकी घासाघीस करायला जागा, म्हणजे सुरुवातीलाच मोठी रक्कम हवी. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के पालिका-शुल्क वीज-पाण्याच्या बिलात हप्त्याहप्त्याने येतं. कुटुंबाचा आरोग्यविमा कंपनी देते का, हे ऑफर लेटरात नीट वाचा. कायद्याने तिच्यावर फक्त कर्मचाऱ्याचा भार आहे, बायको-मुलांचा विमा तुम्हाला काढावा लागू शकतो.

जर्मनीत कापलेल्या पैशातून सरकारी शाळा फुकट मिळते. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच आरोग्यविम्यात बसतात, आणि वर मुलामागे महिन्याला किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता येतो (२०२५ मध्ये २५५ युरो). पाच वर्षं वर्गणी भरली की तिथल्या पेन्शनचा हक्क लागू होतो. दुबईत पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आहे: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. 'मूळ' या शब्दाकडे बघा, कारण अनेक कंपन्या मूळ पगार लहान ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घालतात.

माझ्या मते, मुलं सीबीएसईत घातली आणि राहणी साधी ठेवली तर शिल्लक दुबईतच जास्त पडते, आणि पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज फेडायचं असेल तर हा विषय इथेच संपतो. दोन मुलं ब्रिटिश शाळेत असतील तर फरक जवळपास विरून जातो.

शाळा

इथे घाई करू नका. बाकी सगळं दोन वर्षांत बदलता येतं, हे येत नाही.

दुबईतली भारतीय शाळा म्हणजे पुण्यातल्या शाळेचीच वाळवंटातली शाखा. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पुस्तकं एनसीईआरटीची, दहावी-बारावी बोर्डाची. जादा म्हणजे अरबी, जी खासगी शाळांत नववीपर्यंत सगळ्यांना शिकावी लागते. नोकरी गेली, आजोबांचं ऑपरेशन निघालं, कंटाळा आला, काहीही झालं तरी मूल पुढच्या वर्षी कोथरूडच्या शाळेत बसू शकतं. नीटचं केंद्र २०२१ मध्ये दुबईत आलं, आणि आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी एनआयटीसारख्या संस्थांत काही जागा वेगळ्या असतात. परतीचा रस्ता उघडा राहतो, आणि तो उघडा आहे या भरवशावर माणसं 'अजून दोन वर्षं' म्हणत पंधरा वर्षं राहतात.

स्टुटगार्टमध्ये सहाव्या वर्षी मूल जर्मन शाळेत जातं. शाळा सक्तीची आहे, घरी शिकवायला परवानगी नाही. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून सुट्टीच्या चार दिवस आधी मुलाला घेऊन उडालात तर दंड होऊ शकतो. प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि मग नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं ठरतं की ते विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये जाणार, की रेआलशूलेत किंवा दुसऱ्या वाटेने. या राज्यात आता शिक्षकांची शिफारस, चौथीतली 'कोम्पास ४' ही चाचणी आणि पालकांची इच्छा यांपैकी दोन गोष्टी गिम्नाझियमच्या बाजूने लागतात. एकट्या पालकांच्या इच्छेवर भागत नाही, मग आणखी एक परीक्षा द्यावी लागते. नंतर वाट बदलता येते, पण ते चढावर सायकल मारण्यासारखं आहे.

म्हणून इयत्ता महत्त्वाची. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर बालवाडीत, म्हणजे किटात, वर्षभरात असं जर्मन बोलू लागतं की आपल्याला लाज वाटावी. पहिली-दुसरीतलं मूलही सावरतं. चौथीत असलेल्या मुलाला आणून त्याच वर्षी त्याच्या भविष्याचा निवाडा परक्या भाषेत करायला लावणं मला योग्य वाटत नाही. आणि सातवी-आठवीतलं मूल आधी भाषेच्या पूर्वतयारी वर्गात जातं, गणितात वर्गाच्या पुढे असूनही उदाहरणाची भाषाच न कळल्याने मागे पडतं, आणि त्या वयात मित्र मिळायला वर्ष लागतं ते वेगळंच. आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, पण त्यांची फी पाहिली की दुबई परवडली म्हणाल.

दुसऱ्या टोकाला मोठं बक्षीस आहे. इथली आबितूर, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, पास झालेल्या मुलाला सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क नाही. हे राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, पण जर्मनीत बारावी केलेल्यांना ते लागू नाही. मात्र पाचेक वर्षं जर्मन शाळेत काढलेलं मूल पुण्यातल्या नववीत बसवणं जवळपास अशक्य. इथे यायचं तर परतीचा बेत मुलाच्या अठराव्या वर्षानंतरचा धरा, नाहीतर येऊ नका.

आई-बाबा

मुंबई-दुबई तीन तासांचं उड्डाण. रात्री फोन आला तर सकाळी तुम्ही पुण्यातल्या दीनानाथ हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभे असता. स्टुटगार्टहून मुंबईला थेट विमान नाही. आधी रेल्वेने फ्रँकफर्ट गाठा, मग साडेआठ-नऊ तासांचा प्रवास, मग पुण्याची गाडी. जवळजवळ अख्खा दिवस जातो.

रोजच्या दिवसात मात्र विमानापेक्षा घड्याळ जास्त बोचतं. दुबई दीड तास मागे: संध्याकाळी सातला मूल आजीशी बोलतं तेव्हा तिकडे साडेआठ वाजलेले, जेवणं आटोपत आलेली. स्टुटगार्ट हिवाळ्यात साडेचार तास मागे. आपण सहाला घरी पोचतो तेव्हा आजी-आजोबा साडेदहाला पेंगत असतात. फोन शनिवार-रविवारवर जातो आणि मग त्याला हजेरीचं रूप येतं. (दुबईतही २०२२ पर्यंत शुक्रवार-शनिवार सुट्टी होती, आता शनिवार-रविवार आहे. खासगी कंपनी असेल तर शनिवार खरंच सुट्टीचा आहे का ते विचारा.)

आई-बाबांनी येऊन राहण्याचं काय? दुबईचा तीस किंवा साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा ट्रॅव्हल एजंट काही दिवसांत काढून देतो. पगाराची आणि घराची अट पुरी होत असेल तर त्यांना निवासी व्हिसावरही आणता येतं. अडचण होते ती म्हाताऱ्या माणसाच्या विम्याच्या हप्त्याची. शेंगेनवर, म्हणजे जर्मनीसकट बऱ्याच युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, त्यासाठी अपॉइंटमेंट, बँकेची कागदपत्रं, निदान ३०,००० युरोचा प्रवासविमा. १ मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना कायमचं आणायची सोय जर्मनीने केली आहे खरी, आणि ते ऐकून बरेच जण हुरळतात. पण त्यांचा पूर्ण आरोग्यविमा दाखवावा लागतो. सरकारी विमा त्यांना सहसा घेत नाही, आणि मधुमेह असलेल्या पासष्टीच्या माणसाला खासगी विमा कंपनी एक तर नाकारते किंवा असा हप्ता सांगते की फाइल तिथेच बंद होते.

आणि आल्यावर त्यांचा दिवस कसा जातो? करामा किंवा बर दुबईत राहत असाल तर बाबांना खाली उतरल्यावर हिंदी बोलणारा दुकानदार, इडलीवाला, देऊळ, बाकावर बसलेले इतर सासरे-व्याही भेटतात. मात्र मे ते सप्टेंबर बाहेर पाऊल टाकता येत नाही, तेव्हा त्यांना थंडीतच बोलवा. स्टुटगार्टच्या उपनगरात हवा छान, डोंगरउतारावर द्राक्षमळे, फिरायला फरसबंद वाटा, पण बोलायला कुणी नाही. रविवारी दुकानंसुद्धा बंद. तीन आठवडे कौतुक असतं, मग आई दुपारी खिडकीशी बसून पुण्याच्या मैत्रिणींना व्हॉइस मेसेज पाठवत राहते.

जोडीदाराची नोकरी

ऑफर एकाला आलेली असते, दुसऱ्याची नोकरी सुटणार असते. ब्लू कार्डवाल्याच्या (हा उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास-परवाना) जोडीदाराला जर्मनीत पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा आहे. अडतं ते भाषेवर. सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीवर निभतं. शिक्षिका, एचआर, अकाउंट्स, फिजिओथेरपी यांत बी-२ पातळीच्या (म्हणजे बऱ्यापैकी सफाईदार) जर्मनशिवाय दार उघडत नाही. त्यात किटाची रांग. पहिला वाढदिवस झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा हक्क कायद्याने २०१३ पासून आहे, जागा मात्र नसते. मिळाली तरी सुरुवातीचे काही आठवडे आई किंवा बाबाला मुलासोबत तिथे बसावं लागतं.

दुबईत इंग्रजी पुरतं, कंपनी वर्क परमिट काढते, शाळेची बस दारात येते आणि तासावर कामवाली मिळते. दोघांनाही पूर्ण वेळ काम करायचं असेल तर दुबईला तोड नाही. बदल्यात दिवस लांब आणि रजा कमी. जर्मनीत वर्षाला २८-३० दिवस रजा सर्वसाधारण आहे, आणि मूल तापाने फणफणलं तर त्यासाठी वेगळी पगारी सोय आहे, जी वापरली म्हणून कुणी भुवया उंचावत नाही. घरकाम मात्र सगळं आपलं. स्टुटगार्टला तर जिन्याची आणि फुटपाथची झाडलोटसुद्धा पाळीने करावी लागते. दारावर 'केरवोखे'ची पाटी लटकली की तो आठवडा तुमचा. आयआयटीवाल्याला झाडू मारताना वरच्या मजल्यावरच्या आजी निरखून बघतात, आणि कोपरा राहिला असेल तर सांगतात.

नोकरी गेली तर

दुबईत व्हिसा नोकरीला बांधलेला. गेली की ठरावीक मुदतीत नवी शोधा किंवा आवरा, आणि मधल्या काळात भाड्याचे चेक व फीचे हप्ते थांबत नाहीत. २०२३ पासून सक्तीचा बेरोजगारी विमा आहे, त्यातून मूळ पगाराच्या ६० टक्के जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. जर्मनीत वर्षभर वर्गणी भरलेली असेल तर भत्ता सुरू होतो, मूल असलेल्याला निव्वळ पगाराच्या ६७ टक्के. पहिली दोन वर्षं इथेही परवान्याची धाकधूक आहेच, पण बी-१ जर्मन केलं तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांत कायम निवास मिळतो आणि ती संपते. पाच वर्षांनी नागरिकत्वही मागता येतं. तेव्हा भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं) कार्ड मिळेल, आणि गावाकडची शेतजमीन वारशाने मिळाली तर ठेवता येईल, विकत घेता येणार नाही.

मराठी

हे अनेकांना उलटं वाटेल: मुलाचं मराठी मला स्टुटगार्टमध्ये जास्त टिकताना दिसलं. दुबईत वर्गात मल्याळी, तमिळ, पंजाबी मुलं, म्हणून खेळ हिंदी-इंग्रजीत, आणि तीच भाषा घरात शिरते, कारण आपल्यालाही ती येते. इथे बाहेर जर्मन, तीत आई-बाबा अडखळतात. मुलाला आपोआप कळतं की घरची भाषा वेगळी आहे. अट एकच, घरात इंग्रजीवर घसरायचं नाही. वाचन-लेखन मात्र दोन्हीकडे आपणच बसून घ्यावं लागतं. सण, मंडळं, मोदकांचं पीठ, बाकरवडी दोन्हीकडे मिळतात, दुबईत कोपऱ्यावर आणि इथे गाडी काढून.

तर मग

मूल पाचवीच्या पुढे असेल, किंवा आई-बाबांपैकी कुणाची तब्येत नाजूक असेल आणि जवळ दुसरं भावंड नसेल, तर दुबई. मूल सहा वर्षांच्या आतलं, आई-बाबा हिंडते-फिरते आणि दोघांचीही संध्याकाळी जर्मनच्या क्लासला बसायची तयारी असेल, तर कमी शिल्लक पत्करून स्टुटगार्ट. 'दोघांचीही' यात सूट नाही. एकालाच भाषा आलेली घरं दुसऱ्या हिवाळ्यात कुरकुरायला लागतात. मूल दुसरी-तिसरीत असेल तर खरी ओढाताण आहे. तिथे मी आई-बाबांच्या तब्येतीवर ठरवीन.

सही करण्याआधी दुबईच्या एचआरकडून मूळ पगाराचा आकडा, कुटुंबाचा विमा आणि वर्षाच्या विमान तिकिटांत मुलं धरली आहेत का, हे लेखी घ्या. जर्मन कंपनीला भाषेच्या क्लासचा खर्च, पहिल्या तीन महिन्यांचं तात्पुरतं घर आणि किटासाठी मदत मागा. घर स्वयंपाकघरासकट आहे का तेही विचारा, कारण इथे भाडेकरू जाताना ओटा-कपाटं उचकटून घेऊन जातो आणि तुमच्या वाट्याला नळाचा पाइप आणि चार भिंती येतात.