ऑब्सिडियन: माझ्या इतिहासदेवतेची पोथी

ईक्षा ही माझ्या काल्पनिक जगातली इतिहासाची आणि दृष्टीची देवता. तिचा नियम एकच, जे कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही ते तिच्या पोथीत जात नाही. नॉर्स पुराणातल्या ओडिन देवाच्या दोन कावळ्यांच्या नावांचे अर्थ विचार आणि स्मृती असे आहेत, हे वाचल्यापासून पाहणं आणि लक्षात ठेवणं एकाच देवतेकडे द्यावं असं मनात होतं. मित्रांसाठी मी रोलप्लेइंग खेळ (खेळाडू पात्रं होऊन गोष्ट पुढे नेतात तो) चालवते, त्यात ती उतरवायची होती. वहीत ते जमेना. ऑब्सिडियनमध्ये जमलं.

२०२० साली आलेलं हे नोट्सचं ॲप. नोट्स आपल्याच संगणकावर मार्कडाउन या साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात, त्यामुळे उद्या ॲप नसलं तरी मजकूर उघडता येतो. इतिहासाच्या देवतेसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

खरी जादू बॅकलिंकची, म्हणजे उलट्या दुव्यांची. कुठलंही नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की त्या नावाच्या नोटेशी दुवा जुळतो, आणि त्या नोटेत तिचा उल्लेख कुठे कुठे झालाय ते दिसतं. पूल जळाल्याची हकीकत मी तीन नोटांत लिहिली होती. नावाडी म्हणतो आग पैलतीरावरून आली, शिपाई म्हणतो आपल्याच बाजूने, आणि राजाच्या भाटाचं वर्णन सर्वांत तपशीलवार. खेळताना एकीने विचारलं, "तेव्हा भाट कुठे उभा होता?" मी भाटाच्या बॅकलिंक उघडल्या. नावाडी आणि शिपाई, दोघांच्याही नोटांत त्याचा उल्लेख नव्हता. त्या रात्री ईक्षेच्या पुजारणीने भाटाचं पान पोथीतून काढलं, आणि हे मी आधी ठरवलेलं नव्हतं!

एलियसची, म्हणजे एकाच नोटेला पर्यायी नावं देण्याची सोयही कामाची. नावाडी ईक्षेला 'उघडी' म्हणतात, सैनिक 'मागे बघणारी'. नोटेच्या प्रॉपर्टीजमध्ये (तिच्या माथ्यावरच्या माहितीच्या रकान्यांत) ही नावं दिली की दुवा न जोडलेले उल्लेखही सापडतात. कालरेषा मात्र मुळात नाही, त्यासाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय, शोधावं लागतं. नोटा ठिपके आणि दुवे रेघा म्हणून दाखवणारा पूर्ण ग्राफ नोटा वाढल्या की गुंत्यासारखा दिसतो. मी एका नोटेपुरता लोकल ग्राफच वापरते.

त्या ग्राफमध्ये ज्या नावाची नोट अजून लिहिलेली नाही, त्याचा ठिपका फिकट दिसतो. पुलाच्या नोटेशेजारी असा एक ठिपका आहे: 'जाळ पहिल्यांदा पाहणारी मुलगी'. नावाडी आणि शिपाई दोघंही तिचा उल्लेख करतात, पण तिला कुणी काही विचारलेलं नाही. त्यावर क्लिक केलं की नोट तयार होईल. माझे खेळाडू तिच्यापर्यंत पोचेपर्यंत मी तो ठिपका फिकटच ठेवलाय.