जीए पावडर 90 टक्के घ्या, सोबतची 'ऑल इन वन' बाटली नको

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीसाठी मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रातनं जीएची (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं हार्मोन) पावडर आणि सीपीपीयू (मणी फुगवणारं दुसरं औषध) घेतलं, बाग सोलापूरजवळ नान्नजकडं, सुपर सोनाका जातीची. पावडरला पाचपैकी साडेचार, दुकानाला तीन, आणि "ह्याच्यात सगळे हार्मोन हायत, दोन्ही छाटण्यांना चालतंय" म्हणून गळ्यात मारायला बघितलेल्या बाटलीला शून्य.

बाटलीवर जीए किती? 0.001 टक्के. म्हणजे लिटरभर बाटलीत 10 मिलिग्रॅम, आणि पावडरच्या एक ग्रॅमच्या पुडीत 900. अख्खी बाटली 200 लिटरच्या बॅरलात ओतली तरी 0.05 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) होतंय, पोपटी अवस्थेत (घड पोपटी रंगाचे असताना) आपल्याला लागतंय 10 पीपीएम. हिशोब तिथंच संपला.

पावडर मात्र चांगली निघाली. अल्कोहोलमध्ये लगेच विरघळली, गाळ नाही, गुठळी नाही. थेट पाण्यात टाकू नका, नीट विरघळत नाही. ग्रॅमला 100 लिटर पाणी धरा, ढोबळ 10 पीपीएम. आपल्याकडचं बोअरचं पाणी अल्कधर्मी, त्यात जीए टिकत नाही, म्हणून सायट्रिक टाकून सामू साडेपाच-सहावर आणला आणि मगच फवारलं. घडाचा दांडा मस्त लांबला, मणी मोकळे झाले, विरळणीची मजुरी वाचली.

आता 'सगळे हार्मोन एकत्र' का नको ते सांगतो, बायोटेक शिकलोय त्याचा तेवढाच उपयोग. जीए स्वतः डीएनएला हात पण लावत नाही. पेशीत डेला नावाची प्रोटीनं असतात, ती वाढीच्या जीन्सवर ब्रेक लावून बसलेली. जीए जाऊन जीआयडी1 ह्या रिसेप्टरमध्ये बसतं (हा जपानी लोकांनी 2005 साली भातात शोधला), मग ती जोडी डेलाला धरते, त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का बसतो, पेशीतलं प्रोटिअसोम त्याचा भुगा करतं आणि जीन्स सुरू होतात. खरी गंमत पुढं हाय, डेला एकट्या जीएच्याच कामात नसतं, उजेडाचं ऐकणारी पीआयएफ प्रोटीनं, ब्रासिनोस्टेरॉइड ह्या हार्मोनचं बीझेडआर1, जास्मोनेट ह्या हार्मोनची जाझ, ह्या सगळ्यांना ते धरून असतं, त्यामुळं फवारलं एक तरी हलतात चार-पाच मार्ग. सीपीपीयूचा रस्ता वेगळाच, तो सायटोकायनिन ह्या दुसऱ्या हार्मोनचा. रिसेप्टरवरनं फॉस्फेट हातोहात पुढं सरकत केंद्रकातल्या एआरआर प्रोटीनपर्यंत जातं आणि ते जीन्स चालू करतं. शिवाय वेलीतलं सायटोकायनिन मोडणाऱ्या एन्झाइमलाही सीपीपीयू अडवतं. मणी वाढताना दोघांची जोडी जमते.

पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (तेव्हा डोळ्यात पुढचे घड तयार होतात) हेच दोघं एकमेकांच्या विरोधात! डोळ्यातल्या त्याच कोवळ्या गाठीचा जीए ताण (वेल आधाराला धरते तो तंतू) करतं आणि सायटोकायनिन घड. पिनो म्यूनिए द्राक्षातनं ऑस्ट्रेलियात काढलेल्या एका बुटक्या वेलीचा अभ्यास 2002 साली आला, त्यात डेलाचा जीन असा बिघडलेला की जीए त्याला हलवूच शकत नाही, आणि त्या वेलीला ताणांच्या जागी चक्क घड येतात. म्हणून तर आपण त्या वेळी सीसीसी मारून वेलीतलं जीए कमी करतो आणि 6-बीए हे सायटोकायनिन देतो. तेव्हा जीएवाली बाटली मारायची म्हणजे सीसीसीचे पैसे पण पाण्यात, आणि दुकानदार म्हणतो दोन्ही छाटण्यांना चालतंय! अहो मालक, तेच तर चालत नाही.

पावडरचा अर्धा स्टार कापला कारण पुडीवर मराठीत एक अक्षर नाही, आणि पुडी एकदा फोडली की परत बंद होत नाही, ओल लागते, डब्यात ठेवा. सीपीपीयू जपून, जास्त झालं की साल जाड होते आणि साखर उशिरा भरते, बेदाणा करणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा.

दुकानात माल ताजा असतो, उधारी नाही. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागा आणि त्यावर बॅच नंबर लिहून घ्या.