१९६५ ची बीटल मागून ४ सेंटिमीटर खाली घेतली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिने झाले, गाडी साधारण ६,२०० किलोमीटर चालली. माझ्या १९६५ च्या फोक्सवॅगन बीटलची मागची बाजू ४० मिलिमीटर खाली घेतली, तेव्हा त्याच आठवड्यात लिहायला बसणार होतो. थांबलो ते बरं झालं, कारण पहिल्या आठवड्यात जे वाटलं त्यातलं बरंचसं पुढे बदललं.

आधी कारण सांगतो. मागून उंच उठलेली बीटल माझ्या डोळ्यांना खुपते हे खरं, पण नुसत्या दिसण्यासाठी मी इतकं जुनं सस्पेन्शन उघडलं नसतं. मला वळणावर भीती वाटायची. या गाडीत मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे. प्रत्येक चाक एका नळीच्या टोकाला पक्कं बसवलेलं असतं आणि ती नळी फक्त आतल्या टोकाला, गिअरबॉक्सपाशी, वर-खाली हलते. त्यामुळे चाक खाली लोंबलं की टायरचा तळ आत वळतो आणि वर गेलं की तळ बाहेर फाकतो. वेगात वळण घेताना बाहेरच्या चाकावरचा आडवा जोर त्या नळीतून थेट गाडीची पाठ उचलतो, चाक अंगाखाली दुमडू पाहतं आणि नेमकी गरज असते तेव्हाच पकड जाते. अशा वेळी दचकून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर आणखी वाईट. हा स्वभाव कारखान्यालाही ठाऊक होता. १९६७ च्या मॉडेलला मागे एक जादा समतोल दांडी आली, आणि त्यानंतर काही मॉडेलना मागे दोन सांध्यांचा अ‍ॅक्सल मिळाला. माझ्या गाडीत यातलं काहीच नाही. मोकळ्या गाडीत चाकं आत दुमडलेली दिसायची. मी मोजलं तेव्हा कँबर, म्हणजे उभ्या रेषेपासून चाकाचा कल, दीड अंश धन (तळ आत) होता.

बीटलमध्ये मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंगही नाहीत. आडव्या नळीत दोन्ही बाजूंना एकेक पोलादी दांडी असते, टॉर्शन बार. चाक वर गेलं की तिला पीळ बसतो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. दांडीचं आतलं टोक मधल्या नळीत अडकलेलं, बाहेरच्या टोकावर स्प्रिंग प्लेट नावाची लांब पट्टी, आणि त्या पट्टीच्या मागच्या टोकाला अ‍ॅक्सल. खाली घ्यायचं म्हणजे पट्टी दांडीवरून काढायची आणि वेगळ्या दात्यावर बसवायची. एवढंच. स्प्रिंग कापायची नाही, तापवायची नाही, मध्ये ठोकळा घालायचा नाही. पाट्यांच्या गाड्यांमध्ये पाटे गॅसवर तापवून खाली बसवल्याचं मी पाहिलं आहे. तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं आणि तो पाटा पुन्हा कधी भरवशाचा राहत नाही. बीटलच्या रचनेत स्प्रिंगचा कडकपणा जसाच्या तसा राहतो, फक्त तिची सुरुवातीची जागा बदलते. म्हणूनच मी हे करायला धजावलो.

दात्यांचं गणित मला या सगळ्या कामातलं सर्वात सुंदर वाटतं. दांडीच्या आतल्या टोकाला ४० दाते आहेत, म्हणजे एक दाता ९ अंशांचा. बाहेरच्या टोकाला ४४, म्हणजे एक दाता ८ अंशांहून थोडा जास्त. आतलं टोक एका दिशेनं एक दाता आणि बाहेरचं उलट दिशेनं एक दाता फिरवलं, तर पट्टीचा कोन जेमतेम ५० मिनिटांनी (एका अंशाची ६० मिनिटं) बदलतो. व्हर्निअर कॅलिपरचंच तत्त्व. नुसता बाहेरचा एक दाता बदलला तर गाडी एकदम ५ सेंटिमीटरहून जास्त खाली येते, आणि बहुतेक जण तेवढ्यावरच थांबतात. मला तेवढं नको होतं. मी बाहेरून चार दाते खाली घेण्याच्या दिशेनं आणि आतून तीन दाते उलट दिशेनं फिरवले. साधारण ३३ उणे २७, म्हणजे पावणेसहा अंशांच्या आसपास. चाकापाशी ते ४० मिलिमीटर भरलं.

प्रत्यक्ष कामाला आम्ही दोघं होतो आणि दोन दिवस गेले. सुटी केलेली पट्टी खाली एका ओतीव कठड्यावर टेकलेली असते आणि टेकलेली असतानाही तिच्यात प्रचंड ताण असतो. ती कठड्यावरून सुटली तर हाड मोडेल इतक्या जोरानं येते. पट्टीखाली जॅक लावून वर साखळी बांधल्याशिवाय तिला हात लावू नका, आणि चेहरा तिच्या रेषेत ठेवू नका. दुसरी गोष्ट, अ‍ॅक्सलचे बोल्ट सैल करण्याआधी पट्टी आणि अ‍ॅक्सलवर छिन्नीनं एक खूण करून ठेवा. बोल्टची भोकं लांबट असतात, खूण नसेल तर चाकाची दिशा कुठे होती हे पुन्हा सापडत नाही. तिसरी, दांडीच्या रंगावर ओरखडा पडू देऊ नका. ओरखड्यातून गंज शिरतो, गंजातून तडा जातो आणि दांडी तिथेच तुटते. माझ्या दोन्ही दांड्या सुदैवानं स्वच्छ निघाल्या. डावी-उजवी अदलाबदल मात्र कधीच करू नका. त्यांना एका ठरावीक दिशेनं आधीच ताण दिलेला असतो, म्हणून टोकावर खुणा असतात. पट्टीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बसणारी रबरी कडी, म्हणजे बुश, नवी घातली, टाल्कम पावडर लावून. त्यांच्यावरच्या झाकणाचे बोल्ट सुरुवातीला पोचत नाहीत, तेव्हा दोन लांब बोल्ट लावून झाकण ओढून घ्यावं लागतं.

इथेच मी एक मोठी चूक केली, आणि ती सांगितलीच पाहिजे कारण हीच चूक अनेकांकडून होते. गाडी जॅकवरून उतरवली, टेप लावली, तर उंची जवळपास जुनीच! हिशोब उलट लागला असं समजून मी एक बाजू पुन्हा उघडली. अर्धा दिवस गेला. खरं कारण वेगळंच होतं. स्विंग अ‍ॅक्सलची गाडी उचलली की चाकं आत दुमडतात, आणि खाली टेकवल्यावर टायर जमिनीला धरून राहतात, त्यांना बाहेर सरकता येत नाही. गाडी थोडी पुढे-मागे चालवल्याशिवाय ती बसतच नाही. एक फेरी मारून आलो आणि पाठ अलगद खाली आलेली दिसली.

दोन्ही बाजूंत ७ मिलिमीटरचा फरक निघाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण पोलादाचा पीळ इतक्या वर्षांत थोडा सैल पडतोच, आणि दोन्ही दांड्यांचा सारखा पडत नाही. त्या व्हर्निअर दात्यांचा खरा उपयोग तिथे झाला. एका बाजूला एकच पायरी बदलली आणि फरक एक-दोन मिलिमीटरवर आला. मोजताना मी स्वतः चालकाच्या जागी बसलो होतो आणि मित्र टेप धरून होता. रिकाम्या गाडीची बरोबरी काही कामाची नाही.

आता वापर. पहिल्याच लांब वळणावर फरक कळला. गाडीची पाठ वर उचलली जाण्याची ती पोटात गोळा आणणारी भावना जवळजवळ गेली. कँबर आता अडीच अंश ऋण आहे, म्हणजे चाकं बाहेर फाकून उभी आहेत आणि दुमडायला त्यांना आधी बराच प्रवास करावा लागतो. आडव्या वाऱ्यात सरळ चालण्यातही सुधारणा झाली. मागची बाजू ४० मिलिमीटर खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,४०० मिलिमीटर, म्हणजे गाडी एक अंशाला थोडी कमी इतकी मागे कलली. तेवढाच पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, वाढला, स्टिअरिंग स्वतःहून सरळ यायला लागलं आणि किंचित जडही झालं. जडपणाची सवय आठवड्यात झाली.

पण तोच एक अंश दिव्यांत नडला. रात्री समोरून येणारा प्रत्येक जण मला दिवे मारत होता. हिशोब केला तर २५ मीटरवर माझा प्रकाशझोत ४० सेंटिमीटर वर गेला होता. दिवे त्याच आठवड्यात पुन्हा लावून घ्या. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे ठळक सांगतो.

टायरचं दुखणं उशिरा कळलं. दोन हजार किलोमीटरनंतर खोली मोजली तर मागच्या दोन्ही टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा दीड मिलिमीटरनं जास्त झिजलेली. दोष मी कँबरला देत होतो. खरा दोष ‘टो’चा होता, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळली आहेत त्याचा. पट्टी वर येते तेव्हा कमानीत फिरते आणि अ‍ॅक्सलचं टोक थोडं मागे सरकतं, त्यामुळे चाकांची तोंडं बाहेर वळतात. जुन्या खुणेवर बोल्ट आवळल्यानं मी तो दोष जसाच्या तसा पक्का केला होता. एका अलाइनमेंटवाल्यानं मागचं काही लावता येत नाही असं सांगून परत पाठवलं. ते खरं नाही, ती लांबट भोकं त्यासाठीच असतात. शेवटी दोरे बांधून घरीच केलं. अ‍ॅक्सल दोन-तीन मिलिमीटर पुढे घेतला, चाकं शून्याच्या आसपास आणली आणि त्यानंतरच्या चार हजार किलोमीटरमध्ये झीज बऱ्यापैकी सारखी आहे. खूण करा असं मी वर म्हटलं ते सुरुवातीचा आधार म्हणून. शेवटची जागा मोजूनच ठरवा.

शॉकअब्सॉर्बर बदलायला मी दोन महिने लावले, ते लावायला नको होते. मूळ लांबीचे शॉक खाली घेतलेल्या गाडीत लवकर तळाला लागतात. मोठ्या खड्ड्यात धातूवर धातू आपटल्याचा ठणका यायचा. सुरुवातीला तो बम्प स्टॉपचा, म्हणजे चाक फार वर गेलं की अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याचा, समजलो, पण रबराचा आवाज बोदा असतो. आखूड शॉक घातले आणि ठणका संपला. तरी चाकाला वर जायला जागा कमी झाली आहे हे कुठलाही शॉक लपवू शकत नाही. एकटा किंवा दोघं असलो की गाडी मजेत चालते. मागे दोन मोठी माणसं आणि सामान असलं तर गतिरोधकावर बम्प स्टॉप दर वेळी लागतो. कुटुंबासह लांबचा प्रवास याच गाडीनं करणार असाल तर २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, असं मी आता सांगेन.

आणखी एक बारीक गोष्ट. अ‍ॅक्सलच्या नळीच्या आतल्या टोकाला रबरी बूट (आवरणं) असतात, आत गिअर ऑइल. दोन तुकड्यांचे बूट घालणार असाल तर जोड आडव्या बाजूला येऊ द्या आणि बुटाच्या पट्ट्या गाडी चाकांवर उभी असताना आवळा. मी डावा बूट गाडी वर असताना आवळला. खाली आल्यावर तो पिळला गेला आणि महिनाभरात तेल पाझरायला लागलं. सैल करून पुन्हा आवळल्यावर थांबलं.

पुन्हा करायचं झालं तर क्रम बदलेन. आधी आखूड शॉक आणि बुश आणून ठेवेन, मग गाडी उघडेन. उंची कदाचित ३० मिलिमीटरच घेईन. बोल्ट फिरवून उंची लावता येणाऱ्या स्प्रिंग प्लेट मिळतात. ज्यांना दर महिन्याला उंची बदलून बघायची आहे त्यांना त्या सोयीच्या. मला या गाडीत कारखान्याचीच पट्टी हवी होती, आणि उद्या कुणाला गाडी मूळ उंचीवर न्यायची असेल तर दाते तिथेच आहेत. काहीही कापलेलं नाही. स्विंग अ‍ॅक्सलच्या गाडीला मी हे मनापासून सुचवेन, पण पाऊण काम खाली घेतल्यानंतरचं असतं हे धरून चाला. नोंदणी आणि विम्याचे नियम मात्र हात घालण्याआधी वाचून घ्या.

सध्या एकच गोष्ट बाकी आहे. गेल्या महिन्यापासून उजवं बाहेरचं बुश पाण्यातून गेल्यावर कुरकुरतं. त्या बुशवर वरची बाजू दाखवणारी खूण असते आणि दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा घाईत ते फिरवून बसवलं की काय, अशी शंका आहे. पुढच्या रविवारी साखळी बांधून पट्टी पुन्हा उतरवतो आहे.