डावा हात फक्त दोन ड्रिबलपुरता: कोथरूडमधल्या बास्केटबॉल गार्ड कोचिंगचा आमचा अनुभव

माझ्या लेकीचा डावा हात कच्चा आहे. बारा रविवार झाले तरी कच्चाच आहे. तरीही बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन पास देणारा खेळाडू, म्हणून खेळणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांना मी हे कोचिंग सुचवेन. का, ते जरा सविस्तर सांगते.

लेक पंधरा वर्षांची आहे, उंची पाच फूट. कोण मोकळं होणार हे तिला इतरांच्या क्षणभर आधी दिसतं, पण बॉल उजव्या हातात असेल तरच. डाव्या हातात गेला की नजर खाली बॉलवर येते, आणि मग पुढचं काहीच दिसत नाही. डिसेंबरातल्या आंतरशालेय सामन्यात समोरच्या कोचनी हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. तिच्या उजव्या खांद्याला एक उंच मुलगी चिकटवून दिली. आठ सेकंदांत बॉल हाफ लाइनच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेच्या, पुढे न्यावा लागतो. तीनदा शिट्टी वाजली. शेवटच्या क्वार्टरमध्ये तर लेकीनं बॉल मागायला हात वर करणंच सोडलं. मी स्वतः कॉलेजच्या टीममध्ये फॉरवर्ड होते. गार्डनं बॉल मागणं सोडलं की टीमचं काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून ते बघणं फार जड गेलं.

त्याआधी दीड वर्ष ती एका मोठ्या अकॅडमीत जायची. तिथे या दुखण्यावर एकच औषध होतं: डाव्या हातानं रोज पाचशे ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत राहणं. तिनं ते मनापासून केलं. ओळीनं ठेवलेल्या कोनमधून (शंकूंमधून) हात छान चालायचा, पण कोन काही अंगावर येत नाही. फी भरत राहिलो आणि सामन्यात तेच होत राहिलं.

आता ज्यांच्याकडे जातो ते सर राज्य पातळीवर खेळलेले आहेत. कोथरूडमधल्या एका शाळेच्या सिमेंट कोर्टवर रविवारी सकाळी सव्वासहाला फक्त गार्डना शिकवतात, एका वेळी चौघांनाच. पहिल्या दिवशी त्यांनी बॉल हातात घेऊच दिला नाही. दोन सामन्यांचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ आधीच मागवले होते. पायऱ्यांवर बसून चौकटीच्या वहीत त्यांनी कोर्ट आखला आणि जिथे जिथे बॉल हातून गेला तिथे लेकीलाच फुली मारायला लावली. सतरा फुल्या झाल्या. त्यातल्या अकरा एकाच ठिकाणी, हाफ लाइन ओलांडल्याबरोबर डाव्या साइडलाइनला लागून. मागे फिरायची सोय नाही, कारण हाफ लाइनच्या मागे बॉल परत नेता येत नाही, बाजूला रेषा. सर म्हणाले, "या दोन रेषा म्हणजेच दोन डिफेंडर. तिसरी आली की तू अडकलीस." मग विचारलं, "डावा हात पक्का व्हायला किती वेळ लागेल गं?"

"वर्ष तरी लागेल, सर."

"मग वर्षभर मॅच खेळायच्या नाहीत का?"

या एका प्रश्नासाठी मी त्यांना सगळे पैसे दिले असते. हाताची तयारी घरी चालू ठेवायची, तिला लागेल तेवढा वेळ लागू दे. पण येत्या शनिवारी आहे त्याच हातानं कसं खेळायचं, हे इथे शिकवतात. आजवर कोणी आम्हाला या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट जागेची. लेक आजवर इनबाउंड पास (रेषेबाहेरून आत दिलेला) डाव्या बाजूला घ्यायची, का ते तिलाही सांगता येईना. सरांनी तिला उजव्या बाजूला, फ्री थ्रो लाइनच्या पुढे उभं केलं. समोरची मुलगी उजवीकडून अडवणार आणि डावीकडे ढकलणार, हे तर ठरलेलंच. पण तू मैदानाच्या उजव्या अंगाला असलीस तर तुझी डावी बाजू म्हणजे मैदानाचा मध्य. तिथे रेषा नाही आणि दोन्हीकडे पास आहे. ढकलू दे तिला. हे ऐकताना मी पायरीवरून उठून उभी राहिले होते. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या गार्डला हे कुणी सांगितलं असतं तर!

मग डाव्या हाताचं काम त्यांनी मोजून दिलं. दोनच ड्रिबल. जोरात, गुडघ्याच्या खाली, मध्याकडे; आणि दोन्ही पायांवर एकदम थांबायचं. असं थांबलं की कुठलाही पाय पिव्होट (जागेवर रोवून त्यावर फिरायचा पाय) म्हणून वापरता येतो, म्हणजे वळायला दोन्ही दिशा मोकळ्या. तिसरा ड्रिबल पडला की सर "तीन!" म्हणून ओरडायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून. दोन ड्रिबलपुरती नजर वर ठेवणं लेकीला जमतं. पाचशेचं ओझं उतरून दोनवर आलं, तेव्हा तिचे खांदेच खाली आले, मला लांबून दिसलं ते.

उंचीचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. उंच डिफेंडरच्या हातांवरून पास द्यायला गेलं की तो अडतोच. सरांनी स्वतःची एक चप्पल काढली आणि पास घेणाऱ्याच्या अलीकडे, अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर जमिनीवर ठेवली. बॉल तिथे टप्पा खाऊन गेला पाहिजे, आणि जाताना डिफेंडरच्या बुटाला घासून. "उंच माणसाला पायापर्यंत वाकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वर दाखव, खालून दे." लेक दोन्ही हातांनी बॉल कपाळावर न्यायची, समोरच्या मुलाचे हात वर जायचे, की ती पुढचा पाय बाहेर टाकून त्याच्या बुटाशेजारून बॉल सोडायची. चाळीस पासमध्ये चप्पल सात वेळा उडाली. पुढच्या रविवारी मोजणं सोडून दिलं, कारण जवळजवळ प्रत्येक वेळी उडत होती.

मध्ये पाणी प्यायला बसले की ते गोष्टी सांगतात, आणि त्या मुलांच्या मनात घर करतात. मग्सी बोग्सची उंची पाच फूट तीन इंच, तरी 1987 पासून तो एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये चौदा सीझन खेळला. पहिल्या वर्षी वॉशिंग्टनच्या टीममध्ये त्याच्या शेजारी सात फूट सात इंचांचा मनूट बोल असायचा. ड्रिबल करणाऱ्या उंच खेळाडूला खाली बघावं लागे, आणि बोग्सचा हात आधीच खाली असे. तिथल्याच राजॉन रोंडो या गार्डचा लांबचा शॉट भरवशाचा नव्हता, डिफेंडर त्याला सरळ सोडून मागे सरकत. तरी तीन सीझनमध्ये लीगमधल्या सगळ्यांपेक्षा जास्त असिस्टची (ज्यावर लगेच बास्केट होते अशा पासची) सरासरी त्याची होती. जेसन किड या गार्डचाही सुरुवातीला लांबचा शॉट पडत नसे. तो त्यानं खेळता खेळता घडवला, आणि डॅलसच्या टीमबरोबर 2011 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, विजेतेपद मिळवलं. लेकीनं बोग्सची उंची कपाटाच्या दारावर पेन्सिलनं आखून ठेवली आहे. तिच्यापेक्षा तो तीन इंच उंच भरतो.

शॉटवर मात्र वेळ कमी दिला असं मला वाटलं. तीन पॉइंटच्या रेषेवरून, म्हणजे 6.75 मीटरवरून, तिचा बॉल रिंगला पोचत नाही, म्हणून समोरच्या मुली मागे उभ्या राहतात. त्यांनी सोडलेली जागा धावत घ्यायची आणि जवळून फ्लोटर (डिफेंडरच्या वरून हलकेच उचललेला शॉट) टाकायचा, हे सांगितलं, पण त्यासाठी दोनच रविवार मिळाले. आणखी दोन हवे होते. बाकी तक्रारी म्हणाल तर, सिमेंटमुळे गुडघे दुखतात, पहिल्या महिन्यात रोज बर्फ लावावा लागला. व्हिडिओ पाठवला की उत्तर यायला चार-पाच दिवस लागतात. मुलींसाठी वेगळी टॉयलेटची सोय शाळा उघडी असेल तरच, हे सरांनी शाळेशी बोलून सोडवायलाच हवं. बारा सेशनचे 7,200 रुपये आधी भरावे लागतात. नुकतं खेळायला लागलेल्या मुलांना पाठवू नका. सामन्यात बॉल गमावून झालेल्या मुलांनाच यातलं मोल कळेल.

एप्रिलमध्ये त्याच टीमशी पुन्हा सामना झाला. तीच उंच मुलगी, तोच उजवा खांदा. लेकीनं बॉल उजव्या अंगाला घेतला, मध्याकडे दोन ड्रिबल, थांबली, बॉल वर दाखवला आणि बुटाशेजारून हाफ लाइनवर आलेल्या आमच्या टीममधल्या सेंटरला दिला. लगेच पुढे पळाली आणि हात वर करून बॉल परत मागितला. मी वहीत लिहायचं विसरून तो वर गेलेला हात बघत राहिले. आठ सेकंदांची शिट्टी एकदाही वाजली नाही. बॉल चार वेळा गेला. सामना सहा पॉइंटनी हरलो आम्ही, पण घरी येताना गाडीत ती पूर्ण वेळ पुढच्या सामन्याबद्दल बोलत होती.

पावसाळ्यात कोर्ट बंद असतो, पुढची बॅच दिवाळीनंतर. मुलगी असेल तर सहा नंबरचा (मुलींचा, थोडा लहान) बॉल घरून द्या, तिथले सगळे सात नंबरचे आहेत.