कर्ज समुपदेशन केंद्राची सेवा : वीस महिन्यांच्या अनुभवानंतरचे परीक्षण

तीन क्रेडिट कार्डे, एक वैयक्तिक कर्ज आणि मोबाईल अ‍ॅपवरून घाईत घेतलेले एक छोटे कर्ज अशी पाच ठिकाणची देणी डोक्यावर असताना मी एका कर्ज समुपदेशन केंद्राची मदत घेतली, त्याला आता वीस महिने झाले आहेत. केंद्राने आखून दिलेली परतफेडीची योजना मुळात साठ महिन्यांची आहे आणि तिचा तिसरा हिस्सा पार पडला आहे. सेवेचे गुणदोष सांगण्याइतका अनुभव गाठीशी आला, असे वाटल्यावरच हे लिहायला घेतले.

या केंद्रात जाण्यापूर्वी मी एक चूक केली होती आणि तिच्याविषयी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण अडचणीत सापडलेला माणूस बहुधा प्रथम याच दारात पोहोचतो. कर्जाची तडजोड करून देणाऱ्या एका कंपनीचा मला फोन आला. ‘तुमचे कर्ज निम्म्यावर आणून देतो’ असे सांगून त्यांनी नोंदणीचे शुल्क आगाऊ घेतले, सर्व हप्ते ताबडतोब थांबवायला सांगितले आणि तीच रक्कम दरमहा त्यांच्याकडे जमा करायला लावली. दोन महिन्यांत त्यांनी पाचांपैकी एकाही संस्थेशी बोलणी केली नव्हती. त्या काळात माझ्या प्रत्येक बाकीवर व्याज आणि उशिराचा दंड चढत गेला, वसुलीचे फोन दुप्पट झाले आणि पत अहवालात, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, थकबाकीच्या नोंदी पडल्या. आगाऊ शुल्क परत मिळाले नाही. अमेरिकेत २०१० साली लागू झालेल्या नियमाने फोनवरून अशी सेवा विकणाऱ्या कंपन्यांना एखादे तरी कर्ज प्रत्यक्ष मिटवण्यापूर्वी शुल्क घेण्यास मनाई केली, हे मला पुढे कळले. असा नियम का करावा लागला असेल, हे मला त्या दोन महिन्यांनी नीट समजावले आहे.

समुपदेशन केंद्राची पहिली भेट विनाशुल्क होती आणि ती सुमारे दोन तास चालली. मी योजना मागायला गेले होते. समुपदेशक बाईंनी त्या दिवशी कोणतीही योजना दिली नाही. त्यांनी सहा महिन्यांची बँक खात्याची विवरणे, प्रत्येक कार्डाचे शेवटचे बिल, कर्जाचे करारपत्र आणि पत अहवाल एवढी कागदपत्रे मागून घेतली आणि एकेक देणे एका तक्त्यात भरले: मूळ रक्कम, आजची बाकी, व्याजाचा दर, किमान भरणा, तारण आहे का, जामीनदार कोण. मी तोंडी सांगितलेली एकूण रक्कम आणि तक्त्याखाली आलेली बेरीज यांत जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा फरक निघाला. मी खोटे बोलत नव्हते. बिलांची पाकिटे उघडणेच मी कित्येक महिने टाळले होते. ‘इथे येणाऱ्या बहुतेकांचा आकडा कमीच असतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नका,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे वळल्या. त्या वागण्याने मला जो धीर आला, तो कोणत्याही जाहिरातीतल्या आश्वासनाने आला नव्हता.

त्यानंतर त्यांनी कार्डाच्या किमान भरण्याचा, म्हणजे दरमहा बिलापैकी निदान जेवढी रक्कम भरावीच लागते तिचा, हिशेब कागदावर मांडून दाखवला. महिना तीन टक्के व्याज वर्षाला छत्तीस टक्के वाटते, परंतु चक्रवाढीने ते वर्षाला ४२.६ टक्क्यांच्या आसपास जाते. एक लाखाची बाकी आहे, नवी खरेदी पूर्ण बंद आहे आणि दरमहा व्याजासह होणाऱ्या बाकीच्या पाच टक्के एवढी किमान रक्कम नियमितपणे भरली जात आहे असे धरले, तर वर्षभरात साधारण ५५,००० भरले जातात आणि बाकी मात्र सुमारे ७७,००० उरते. म्हणजे भरलेल्या रकमेपैकी ३२,००० व्याजात गेले. कर्ज निम्म्यावर यायला बत्तीस महिने लागतात. मी चार वर्षे किमान रक्कम न चुकता भरत होते आणि आपण प्रामाणिकपणे कर्ज फेडत आहोत, अशी माझी समजूत होती. मधूनमधून त्याच कार्डावर नवी खरेदी होत असल्यामुळे माझी बाकी प्रत्यक्षात वाढलीच होती.

दुसऱ्या भेटीत देण्यांचा क्रम लावण्यात आला. कोणते देणे आधी द्यायचे, हे थकवल्यास काय हातचे जाईल यावरून ठरवायचे, असे या केंद्राचे तत्त्व आहे. घराचे भाडे किंवा गृहकर्ज, वीज, पाणी, कर आणि तारण ठेवून घेतलेली कर्जे पहिल्या रांगेत येतात, कारण ती थकली तर घर, जोडणी किंवा वस्तू जाते. कार्डे आणि विनातारण कर्जे त्यांच्यामागे येतात. मी नेमके उलटे करत होते. ज्या संस्थेचा वसुली प्रतिनिधी सर्वांत जास्त वेळा फोन करी, तिला मी आधी पैसे देत असे आणि घरभाडे दोनदा लांबवले होते. जामीनदार असलेल्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या रांगेत घेण्याचा आग्रह समुपदेशक बाईंनी धरला, कारण तो चुकल्यास माझ्या भावाच्या दारात वसुली गेली असती. पगार ज्या बँकेत जमा होतो त्याच बँकेचे कर्ज थकले असेल, तर करारातील अटींनुसार बँक ती रक्कम खात्यातून वळती करून घेऊ शकते, म्हणून पगाराचे खाते दुसऱ्या बँकेत हलवावे, हा सल्लाही त्यांचाच. एवढी साधी बाब मला आधी कोणीही सांगितली नव्हती.

योजना निवडण्याचा भाग या सेवेचा कणा आहे आणि त्यासाठी त्यांनी पूर्ण तिसरी भेट राखून ठेवली होती. पहिला पर्याय स्वतःच फेडण्याचा होता. सर्व ठिकाणी किमान रक्कम भरायची आणि उरलेला प्रत्येक पैसा सर्वाधिक व्याजाच्या देण्यावर किंवा सर्वांत लहान देण्यावर लावायचा. पहिल्या पद्धतीत व्याज सर्वांत कमी जाते. दुसऱ्या पद्धतीत एक खाते लवकर बंद होते आणि उमेद टिकते. व्याजाचे दर जवळपास सारखे असतील तर दोन्हींतील फरक किरकोळ असतो, त्यामुळे माणसाने आपला स्वभाव ओळखून निवड करावी, हे त्यांचे मत मला पटले. मात्र माझ्याकडे किमान रकमा भरून काहीच उरत नव्हते, म्हणून हा पर्याय तेथेच संपला.

दुसरा पर्याय सर्व देणी एका नव्या कर्जात एकत्र करण्याचा. याच्याकडे माझा स्वतःचा ओढा होता, कारण एकच हप्ता आणि तोही लहान. त्यांनी त्याचेही आकडे मांडले. वर्षाला पंधरा टक्के व्याजाने एक लाख छत्तीस महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३,४६७ येतो आणि एकूण व्याज २४,८०० च्या आसपास जाते. तीच रक्कम चौऱ्याऐंशी महिन्यांसाठी घेतली तर हप्ता १,९३० वर उतरतो, पण व्याज ६२,००० च्या वर, म्हणजे अडीच पट होते. लहान हप्ता पाहून मुदत वाढवण्याचा मोह किती महाग पडतो, ते मला या दोन ओळींनी कळले. शिवाय अशा कर्जासाठी घर तारण ठेवावे लागले, तर कार्डाचे विनातारण देणे आपण आपल्या हाताने घरावर आणून ठेवतो. ज्याची पत अद्याप चांगली आहे, ज्याला खरोखर कमी दर मिळतो आणि जो रिकामी झालेली कार्डे बंद करणार आहे, त्याच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. माझी पत त्या दोन महिन्यांत खालावली होती, त्यामुळे मला मिळणारा दर कार्डाच्या दरापेक्षा फारसा कमी नव्हता.

तडजोडीचा, म्हणजे काही रक्कम एकरकमी भरून उरलेली सोडवून घेण्याचा मार्ग त्यांनी नाकारला नाही. हातात एकरकमी पैसा असेल आणि खाते आधीच दीर्घकाळ थकलेले असेल, तर तो उपयोगी पडतो. परंतु तडजोड झाल्याचे लेखी पत्र हाती आल्याशिवाय एक पैसाही भरू नये आणि पत अहवालात पूर्ण फेडीऐवजी तडजोडीची नोंद राहील याची तयारी ठेवावी, असे त्यांनी बजावले. दिवाळखोरीच्या कायदेशीर मार्गाविषयी त्यांनी थोडक्यात माहिती दिली आणि तो विचार करण्याची वेळ आली तर वकिलाकडेच जावे, असे सांगितले.

अखेरीस आम्ही कर्ज व्यवस्थापन योजना निवडली. हिच्यात केंद्र प्रत्येक संस्थेशी बोलून व्याज कमी करून घेते, दंड थांबवण्याची विनंती करते आणि ऋणको दरमहा एकच रक्कम भरतो. ती ठरल्या प्रमाणात सर्वांना वाटली जाते. मुद्दल पूर्ण फेडावे लागते. एक लाखावर महिना तीन टक्क्यांनी साठ महिन्यांचा हप्ता ३,६१३ बसतो. व्याज महिना एक टक्क्यावर आले तर तो २,२२४ होतो आणि एकूण भरणा सुमारे २,१६,८०० वरून १,३३,५०० पर्यंत उतरतो. या बदल्यात कार्डे बंद करावी लागतात, नवे कर्ज घेता येत नाही आणि हप्ता चुकल्यास सवलत रद्द होऊ शकते. योजना ऐच्छिक असल्याने संस्थेवर ती मान्य करण्याची सक्ती नसते, हेही त्यांनी सही घेण्यापूर्वी स्पष्ट केले.

माझ्या दृष्टीने या केंद्राचे सर्वांत मोठे श्रेय येथे आहे. त्यांनी आधी घरखर्चाची रक्कम निश्चित केली आणि तो खर्च वजा जाता जे उरले, त्यावरून हप्ता ठरवला. मी भरात येऊन जास्त हप्ता देऊ केला होता. त्यांनी तो लिहून घेतला नाही. ‘हा हप्ता तुम्ही तीन महिने भराल, साठ महिने भरणार नाही,’ असे त्या म्हणाल्या. जी सेवा ऋणकोच्या पोटापाण्याचा हिशेब न करता हप्त्याचा आकडा सांगते, तिची योजना कितीही आकर्षक असली तरी मी ती घेण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत तीन आठवड्यांचे अंतर पडले आणि त्या काळात वसुलीच्या फोनना काय उत्तर द्यायचे, याचा लेखी मजकूर मी मागितल्यावरच मिळाला. तो पहिल्याच दिवशी द्यायला हवा. त्याहून गंभीर बाब खर्चाच्या तक्त्यातली. तो पूर्णपणे मासिक होता. विम्याचा वार्षिक हप्ता, मुलीच्या शाळेचे वर्षारंभीचे शुल्क, वाहनाची दुरुस्ती यांना त्यात जागाच नव्हती. परिणामी पाचव्या महिन्यात विमा आणि शाळा एकत्र आले आणि माझा हप्ता अर्धाच भरला गेला. केंद्राने तातडीने संस्थांना कळवून सवलत वाचवली आणि वार्षिक खर्चाचा बारावा भाग दरमहा बाजूला काढण्याची तरतूद करून हप्ता थोडा कमी केला, हे खरे. परंतु हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारला गेला असता तर त्या महिन्यातील माझी झोप उडाली नसती. जे आता जाणार असतील, त्यांनी बारा महिन्यांचे खर्च स्वतः लिहून न्यावेत.

शुल्काविषयी केंद्राचा व्यवहार स्वच्छ वाटला. योजना सुरू झाल्यावरच लहानसे मासिक शुल्क लागू झाले आणि त्याची रक्कम करारात लिहिलेली आहे. अशा काही केंद्रांना कर्ज देणाऱ्या संस्थांकडूनही निधी मिळतो, असे वाचल्यामुळे मी थेट विचारले. त्यांनी तसा निधी मिळत असल्याचे मान्य केले. म्हणूनच तडजोडीपेक्षा पूर्ण फेडीकडे त्यांचा कल असू शकतो, हे लक्षात घेऊन मी निर्णयापूर्वी एका वकिलाकडून सर्व पर्याय पुन्हा तपासून घेतले. भरलेली रक्कम प्रत्येक संस्थेला किती आणि केव्हा पोहोचली, याचे विवरण दरमहा मिळते. मी ते प्रत्येक वेळी संस्थांच्या विवरणांशी ताडून पाहते आणि आजवर एकदाच चार दिवसांचा उशीर आढळला.

पाचांपैकी चार संस्थांनी व्याज कमी केले. एका कार्डाच्या संस्थेने साफ नकार दिला, म्हणून ते देणे योजनेबाहेर ठेवून त्याचा मोठा हप्ता मी थेट भरत होते. ती बाकी सतराव्या महिन्यात संपली आणि तो हप्ता केंद्राने उरलेल्या चार देण्यांकडे वळवला, त्यामुळे योजनेची मुदत आता आठ महिन्यांनी कमी झाली आहे. खाते बंद झाल्याचे पत्र मला मिळाले असले तरी पत अहवालात त्या कार्डावर अजूनही बाकी दिसते. केंद्राने त्याबद्दल माझ्या वतीने दुरुस्तीचा अर्ज केला आहे आणि उत्तर यायचे आहे.