क्रीम कलप, काळी मेंदी की मेंदी-नीळ?

कलप घेताना बहुतेक जण खोक्यावर ‘अमोनिया-फ्री’ शोधतात. त्यापेक्षा मागच्या बारीक अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन म्हणजेच पीपीडी हे रंग देणारं रसायन आहे का, ते बघा. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात, पण पापण्या सुजवणारी आणि टाळूतून पाणी आणणारी अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा पीपीडीची असते. अमोनिया-फ्री कलपात अमोनियाच्या जागी सहसा मोनोइथेनॉलामाइन घालतात. वास जातो, पीपीडी असेल तर ते तिथेच राहतं.

<b>क्रीम कलप</b>

पांढरे केस पूर्ण झाकायचे, अर्ध्या तासात उरकायचं आणि सोमवारी सकाळी लोकल पकडायची, तर याला तोड नाही. पीपीडीचे बारीक, बिनरंगी रेणू केसात शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग होऊन मोठे आणि काळे होतात, मग धुतले तरी निघत नाहीत. हा संयोग अर्धवट असताना तयार होणारे पदार्थच त्वचेला सर्वांत जास्त खुपतात. युरोपात डोक्यावर लागणाऱ्या तयार मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांहून जास्त चालत नाही.

कॅन्सरची भीती मात्र इथे वाजवीपेक्षा मोठी झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सलूनमध्ये रोज कलप हाताळण्याच्या व्यवसायाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं. स्वतःच्या केसांना कलप लावण्याबद्दल तिने तसा निष्कर्ष काढलेला नाही. घरी लावणाऱ्याने सांभाळायची ती अ‍ॅलर्जी. ती दहा वर्षं बिनत्रास लावलेल्या माणसालाही अचानक होते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते.

म्हणून चाचणी दर वेळी करायची. चमच्याच्या टोकावर मावेल एवढं मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा, पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर पुसा आणि ४८ तास ती जागा बघत राहा. खाज, लाली, पुरळ यांपैकी काहीही दिसलं तर तो कलप डोक्याला लावू नका. क्रीम आणि डेव्हलपर (सोबतचं पेरॉक्साइड) प्लास्टिकच्या वाटीत पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा. धातूची वाटी नको. उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका, आतल्या वायूने बाटली फुगते.

त्रास एकदम मोठा दिसतोच असं नाही. कपाळाची कड, कानापुढची जागा आणि मान हळूहळू राखाडी-काळपट होत जाते आणि लोक त्याला वांग समजून क्रीम चोळत राहतात. कलप चालू असेल आणि असे डाग दिसत असतील, तर आधी कलप बंद करा.

<b>काळी मेंदी</b>

तिघांत सर्वांत जास्त फसगत इथे होते. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा असतो. नुसत्या मेंदीने केस काळेभोर होत नाहीत. ‘हर्बल’ लिहिलेली जी पूड पाण्यात कालवून अर्ध्या तासात केस काळे करते, तिच्यात बहुधा पीपीडी आणि बेरियम पेरॉक्साइडसारखा पदार्थ असतो. आवळा आणि भृंगराज असतात, पण रंग त्यांचा नसतो.

ओळखायला दोन उपाय. पहिला खोक्यावरच आहे: पीपीडीसारखे रंग असलेल्या कलपावर भुवया-पापण्यांना लावू नये, आंधळेपण येऊ शकतं, अशी सूचना छापणं आपल्याकडे नियमाने बंधनकारक आहे. ‘नैसर्गिक’ पूड आणि ही सूचना एकत्र दिसली, की काय ते समजा. दुसरा उपाय घरचा. ओल्या पांढऱ्या टिश्यूवर चिमूटभर पूड टाका. नुसत्या मेंदीची कड नारिंगी होते. काही मिनिटांत काळपट-तपकिरी ओघळ फुटले तर पूड बाजूला ठेवा. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून सुटी पूड आणलीत तर खोकंच नसतं, म्हणून ही चाचणी करावीच.

लग्नसराईत आणि जत्रेत लहान मुलांच्या हातावर काढतात त्या काळ्या टॅटूतही पीपीडी असू शकतं. तिथे एकदा अ‍ॅलर्जी जडली, की पुढे तरुणपणी पहिल्याच कलपाने चेहरा सुजतो. ही पूड मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेली तर घसा सुजून श्वास अडतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

<b>मेंदी आणि नीळ</b>

नीळ म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पूड, दुकानात ‘इंडिगो पावडर’ म्हणून मिळते. कपड्यांची नीळ नव्हे. पीपीडी अजिबात नको असेल आणि पांढरे केसही झाकायचे असतील, तर आमचा कौल याला. मात्र रविवार मोकळा हवा.

खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी कोमट चहाच्या पाण्यात दह्याइतकी दाट कालवा. भिजायला हिवाळ्यात ६-८ तास, एप्रिल-मेच्या उकाड्यात ३-४ तास पुरतात. तेल नसलेल्या केसांना २-३ तास लावून ठेवा आणि शाम्पू न लावता नुसत्या पाण्याने धुवा. मग १०० ते १५० ग्रॅम नीळ कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, १०-१५ मिनिटांनी लगेच लावा, तासा-दीड तासाने धुवा. पहिल्या दिवशी केस हिरवट दिसतील. हवा लागून दोन दिवसांत काळपट तपकिरी होतात, तोवर शाम्पू टाळा.

बिघडतं ते असं: निळीत लिंबू किंवा दही घातलं तर रंग धरत नाही. रात्री भिजवून सकाळी लावली तर ती मेलेली असते. आधी मेंदी न लावता पांढऱ्या केसांना नुसती नीळ लावली तर केस हिरवट-निळे राहतात. कानशिलाचे केस हट्टी असतात, तिथे दुसरा हात लागतो. पावसाळ्यात पूड हवाबंद डब्यात ठेवा, दमट झाली की रंग जातो.

घोडबंदर रोडच्या टँकर-बोअरवेलच्या सोसायट्यांत पाणी जड असतं, मेंदीची पूड निघायला वेळ लागतो आणि केस राठ वाटतात. शेवटची बादली मऊ पाण्याची घ्या. मोरबे धरणाचं पाणी येणाऱ्या नवी मुंबईत हा त्रास कमी आहे.

रक्तपेशींतल्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी मेंदीही टाळावी, तिने तांबड्या पेशी फुटू शकतात.

<b>कुणी काय घ्यावं</b>

एकदाही कलपाने खाज-सूज आली असेल, तर क्रीम कलप आणि काळी मेंदी दोन्ही सोडा. पीपीडीऐवजी टोल्युइन-डायअमाइन घातलेला ‘पीपीडी-फ्री’ कलपही डॉक्टरांच्या चाचणीशिवाय लावू नका, कारण पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना तोही चालत नाही. पॅच टेस्टसाठी (पाठीवर पट्ट्या लावून करायची अ‍ॅलर्जीची चाचणी) कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे विचारा. पाठीवरच्या पट्ट्या घामाने सुटतात, म्हणून ती चाचणी हिवाळ्यात करून घेतलेली बरी. सलूनमध्ये मेंदी-नीळ लावणार असाल, तर ब्रश आणि वाटी घरून न्या. कलपाच्या ब्रशला चिकटलेला अंशही पुरतो.

आजवर त्रास नसेल आणि वेळ नसेल, तर चाचणी करून क्रीम कलप लावा, मात्र टाळूला न चोळता केसांनाच. सूज आली तर लगेच भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुवा, खोकं जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर वाट न बघता १०८ ला फोन करा.